रूम टोन

मुलाखत संपते. समोरच्या माणसाचे ताठलेले खांदे खाली येतात, "झालं ना एकदाचं?" म्हणत तो कॉलरवरच्या माइककडे हात नेतो, आणि तेवढ्यात साउंड रेकॉर्डिस्ट हात वर करतो. "अर्धा मिनिट. कोणी हलू नका. रूम टोन."

मग खोलीत जो जिथे असेल तो तिथेच थिजतो. कोणी वायर गुंडाळता गुंडाळता, कोणी एका पायावर. साउंडवाला डोळे मिटून हेडफोन दाबून उभा असतो. पंधराएक सेकंद जातात न जातात तोच कोणाचं तरी पोट गुरगुरतं, दुसऱ्याला हसू फुटतं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

हे कशासाठी, तर प्रत्येक खोलीला स्वतःचा असा एक आवाज असतो. भिंतीपलीकडचा नळ, ट्यूबलाइटची गुणगुण, लांबच्या रस्त्यावरची वाहनं, आणि ज्याला नाव देता येत नाही असं आणखी काहीतरी. खोलीत बसलेलं असताना तो जाणवतही नाही. पण एडिटमध्ये दोन वाक्यांमधला खोकला कापला की तिथे भोक पडतं, आणि ते लगेच ऐकू येतं. प्रेक्षकाला काय बिघडलं ते सांगता येणार नाही, पण तो खुर्चीत चुळबुळ करतो. म्हणून ते भोक त्याच खोलीच्या शांततेने बुजवायचं. शिंपी कपड्याबरोबर उरलेली चिंधी बांधून देतो, पुढेमागे ठिगळ लागलं तर त्याच कापडाचं लागावं म्हणून. तसंच हे. दुसऱ्या खोलीची शांतता चालत नाही, रंग जुळत नाही.

मी या डॉक्युमेंटरीच्या धंद्यात आले ती बूम धरायला. बूम म्हणजे लांब काठीच्या टोकाला लावलेला माइक. तो बोलणाऱ्याच्या डोक्यावर धरायचा, फ्रेममध्ये येऊ द्यायचा नाही, भिंतीवर त्याची सावली पडू द्यायची नाही. वीस मिनिटांत दंड भरून येतात. पण कानांवर हेडफोन असतो, आणि त्यातून जे ऐकू येतं ते खोलीतल्या दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नाही. दिग्दर्शक प्रश्न विचारून पुढच्या प्रश्नाचा कागद चाळत असायचा, तेव्हा माझ्या कानात उत्तर सुरू झालेलं असायचं: आवंढा, जिभेची टाळूला लागलेली चिकट टिचकी, बोलायला घेतलेला आणि मग तसाच सोडून दिलेला श्वास. तिथेच थोडं थांबायला हवं होतं, असं मला वाटायचं. पण बूमवालीला कोण विचारतो?

अमेरिकन डॉक्युमेंटरी दिग्दर्शक फ्रेडरिक वाइजमन मात्र स्वतःच माइक धरायचा. त्याच्याबद्दल कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मूळचा कायद्याचा प्राध्यापक. कॅमेरा दुसऱ्याकडे, माइक याच्याकडे. माइक कुठे वळतोय त्यावरून कॅमेरामनने समजून घ्यायचं. मुलाखती नाहीत, निवेदन नाही. शूटिंग काही आठवड्यांचं आणि एडिटिंग मात्र जवळजवळ वर्षाचं. १९६७ साली, वयाच्या ३७व्या वर्षी, त्याने पहिला चित्रपट केला, तो मॅसॅच्युसेट्समधल्या मनोरुग्ण कैद्यांच्या तुरुंगरुग्णालयावर. कैद्यांच्या खासगीपणाचं कारण देऊन कोर्टाने त्याच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली, ती १९९१ साली उठली. पहिलं पाऊल टाकलं आणि तेच २४ वर्षं कुलपात! आणि तरी हा माणूस जवळपास वर्षाला एक या गतीने चित्रपट करत राहिला.

कॉलेजातली मुलं विचारतात, "डॉक्युमेंटरी दिग्दर्शकाचं करिअर कसं असतं?" त्यांच्या डोळ्यांपुढे जिना असतो, म्हणून मी अडखळते. नोकरीत निदान पायऱ्या मोजता येतात. इथे दर चित्रपटाला पाटी कोरी. मागच्या वेळी जे जमलं होतं ते या वेळच्या माणसांपुढे उपयोगी पडेलच असं नाही, आणि पैसे देणाऱ्यांच्या टेबलापुढे पुन्हा तोच चार मिनिटांत जग समजावून सांगण्याचा खेळ करावा लागतो. पैशांचं विचाराल तर घर चालतं ते कंपन्यांच्या फिल्म्सवर, शिकवण्यावर आणि दुसऱ्यांची फुटेजं कापण्यावर. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

त्यापेक्षा मी त्यांना रॉबर्ट फ्लाहर्टीची गोष्ट सांगते. हा खनिजं शोधत कॅनडाच्या उत्तरेला फिरणारा माणूस. बरोबर कॅमेरा घेतला आणि तिथल्या इन्युइट लोकांचं हजारो फूट चित्रीकरण केलं. १९१६ साली टोरंटोत त्याच्या हातून सिगारेट पडली आणि सगळी निगेटिव्ह जळून गेली. एक प्रिंट उरली होती, पण ती बघून त्याचंच समाधान होईना. प्रवासवर्णनातली सुटी चित्रं, धागा कशालाच नाही. मग फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीचे पैसे घेऊन तो १९२०मध्ये परत गेला आणि या वेळी एकाच माणसाच्या, एकाच कुटुंबाच्या मागे लागला. १९२२ साली तो चित्रपट आला आणि जगभर चालला. फ्लाहर्टीच्याच पुढच्या चित्रपटाबद्दल १९२६ साली लिहिताना जॉन ग्रीअरसनने 'डॉक्युमेंटरी' हा शब्द वापरला, आणि तोच पुढे रुळला.

मुलांना सिगारेटचा भाग आवडतो. मला त्यातलं 'परत गेला' आवडतं. पण गोष्ट इथेच थांबवली तर ती लबाडी होईल. त्या चित्रपटातल्या नायकाचं नाव त्याचं खरं नाव नव्हतं. त्याची म्हणून दाखवलेली बायको त्याची बायको नव्हती. त्या काळी शिकारीला बंदूक वापरणाऱ्या माणसांना फ्लाहर्टीने कॅमेऱ्यापुढे भाला घ्यायला लावलं. आणि इग्लूच्या आत कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना, म्हणून एक बाजू उघडी असलेलं अर्धंच इग्लू बांधून घेतलं. ते कुटुंब उघड्यावर, गारठ्यात, घरात झोपल्याचं दाखवत झोपलं. म्हणजे आमच्या धंद्याचं बारसं व्हायच्या आधीच त्याला खोड लागलेली होती.

आता माझी खोड.

माझा दुसरा चित्रपट होता कामं संपून गेलेल्या माणसांवर. यंत्रं बदलली आणि ज्यांच्या बोटांतलं कसब एका वर्षात निरुपयोगी झालं, अशी माणसं. त्यात एक टेलिफोन ऑपरेटर होत्या. आयुष्यभर एक्स्चेंजच्या बोर्डापुढे बसून हाताने लाइनी जोडून दिलेल्या. मी त्यांना काकू म्हणायचे. त्या मला 'तुम्ही' म्हणायच्या, अगदी कामावरच्या आवाजात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की शांतता दोन प्रकारची असते. लाइन तुटलेली असली की जी असते ती मेलेली. आणि पलीकडे माणूस रिसीव्हर धरून उभा आहे पण बोलत नाहीये, ती जिवंत. "कानाला कळतं. शिकवावं नाही लागत." साउंडवाल्याने रूम टोनसाठी हात वर केला तेव्हा बाकी लोकांना समजवावं लागतं तसं त्यांना लागलं नाही. मान हलवून म्हणाल्या, "म्हणजे लाइन चेक."

ती मुलाखत त्यांच्या घरी झाली. खोलीच्या कोपऱ्यात फ्रिज होता आणि तो गुरगुरत होता. फ्रिजचा आवाज हा साउंडवाल्याचा जुना वैरी. मधेच सुरू होतो, मधेच बंद पडतो, मग दोन वाक्यं जोडताना एकाखाली गुरगुर आणि दुसऱ्याखाली काहीच नाही. त्यामुळे फ्रिज बंद करायचा हे ठरलेलं. आणि तो परत सुरू करायला विसरू नये म्हणून आमच्यात एक युक्ती चालते: गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवायची. चावीशिवाय निघता येत नाही, चावी घ्यायला फ्रिज उघडावा लागतो, उघडला की आतला दिवा लागलेला नसतो. चुकायला जागाच नाही.

त्या दिवशी गाडी भाड्याची होती आणि चावी ड्रायव्हरच्या खिशात.

रात्री दोन वाजता मी अंथरुणात उठून बसले. सकाळी सहाला फोन लावला. "हो, बंदच आहे," काकू शांतपणे म्हणाल्या. "मला वाटलं तुमचं अजून काही राहिलंय. म्हटलं, परत याल, कशाला हात लावा." आत त्यांचं इन्सुलिन होतं. एका रात्रीने इन्सुलिनचं काही बिघडत नाही, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पण ते कळेपर्यंतची सकाळ मला पाठ आहे. मी दहा वेळा माफी मागितली. त्या दहाही वेळा एकच वाक्य म्हणाल्या: "राहिलं असेल काहीतरी, असं वाटलं हो."

माझ्या हातून झालेली मोठी चूक मात्र फ्रिजची नव्हती.

रूम टोन घेताना कॅमेरा बंद करायची गरज नसते. कॅमेरामन तो बहुधा चालूच ठेवतो. एडिटला बसले तेव्हा ती तीस सेकंदं मी चित्रासकट पाहिली. काकू सरळ बसल्या आहेत. पहिली दहा सेकंदं काहीच नाही. मग त्यांचा उजवा हात सावकाश वर जातो आणि कानापाशी थांबतो, जिथे हेडसेट असायचा तिथे. दोन बोटं. कानाला टेकत नाहीत, फक्त जवळ जातात. डोळे समोर, पण समोरचं काही पाहत नाहीत. आणि मग हात तसाच खाली येतो. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत त्या कामाबद्दल जे बोलल्या होत्या ते सगळं त्या दोन बोटांत होतं, आणि बोलण्यात नव्हतं असंही काहीतरी होतं.

मी तो शॉट चित्रपटाच्या शेवटी लावला. पुढे जिथे जिथे चित्रपट दाखवला तिथे लोक त्याबद्दलच बोलले. पुढच्या चित्रपटाला पैसे मिळाले त्यात त्या शॉटचा वाटा होता, हे मी शपथेवर सांगू शकते.

पहिल्या खेळाला काकू आल्या होत्या. संपल्यावर लोक त्यांच्याभोवती जमले, त्यांनी सगळ्यांना नमस्कार केले. मी जवळ गेले तेव्हा बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "ते शेवटचं. तेव्हा मी बोलत नव्हते ना?"

मी म्हटलं, "हो काकू, तेव्हा रूम टोन..."

"हां. म्हणजे झालं होतं."

एवढंच. रागावल्या नव्हत्या. एखाद्याचा हिशेब चुकला असेल तर दाखवून द्यावं, तशा म्हणाल्या.

संमतीपत्रावर त्यांची सही होती. त्या कागदावर लिहिलेलं असतं की शूटिंगदरम्यान टिपलेलं सर्व चित्र आणि सर्व आवाज आम्हाला वापरता येईल. 'सर्व' या शब्दात ती तीस सेकंदं बसतात. वकिलाला विचारलं तर तो हसेल. पण मुलाखत संपली असं सांगून, हलू नका म्हणून बसवून ठेवलेल्या बाईकडून मी ती घेतली होती. सहीच्या कागदावर त्या माणसाचं आयुष्य मावत नाही, हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही. एरल मॉरिसने १९८८ साली टेक्ससमधल्या एका खुनाच्या खटल्यावर चित्रपट केला. मॉरिसने काही काळ खासगी डिटेक्टिव्हचं काम केलं होतं, त्याने साक्षी उकरून काढल्या, आणि खोट्या आरोपाखाली शिक्षा भोगणारा रँडल अॅडम्स १९८९मध्ये तुरुंगातून सुटला. डॉक्युमेंटरीने याहून जास्त काय करायचं? सुटल्यावर अॅडम्सने मॉरिसवरच दावा लावला. स्वतःच्या आयुष्याच्या गोष्टीवरचे हक्क त्याला परत हवे होते. शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली. हे वाचून लोक अॅडम्सला कृतघ्न म्हणतात. मला तो अजिबात कृतघ्न वाटत नाही.

आणि जिथे माणूस बोलायचा थांबतो तिथे आपण काय करायचं? क्लोद लांझमानच्या 'शोआ'मध्ये एक न्हावी आहे. १९८५ सालचा, नऊ तासांहून लांब चित्रपट, करायला ११ वर्षं लागली. त्या न्हाव्याला नाझींच्या ट्रेब्लिंका छावणीत गॅस चेंबरमध्ये जाणाऱ्या बायकांचे केस कापायला लावलं होतं. तो निवृत्त झालेला होता. लांझमानने त्याच्यासाठी एक सलून भाड्याने घेतलं आणि गिऱ्हाइकाचे केस कापता कापता त्याला बोलतं केलं. बोलता बोलता तो आपल्याबरोबरच्या एका न्हाव्यापर्यंत येतो, ज्याच्यासमोर त्याची स्वतःचीच बायको आणि बहीण येऊन उभ्या राहिल्या. तिथे त्याचं बोलणं थांबतं. तो चेहरा पुसतो, नको म्हणतो. कात्री चालू राहते. लांझमान कॅमेरा बंद करत नाही, पुढे सांगायलाच हवं असं त्याला विनवतो. बऱ्याच वेळाने तो माणूस पुढे बोलतो.

मी हा भाग वर्गात दाखवते आणि दरवेळी वर्ग दोन तट पडून भांडतो. मी कोणत्या बाजूची, असं विचारतात. मी कॅमेरा बंद केला असता. आणि मी बंद केला असता तर ती साक्ष जगाला मिळाली नसती, हेही मला माहीत आहे. लांझमानने निदान तोंडावर मागितलं. मी तर झालं असं सांगून घेतलं.

त्यानंतर मायकेल ॲप्टेडचं काम मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले. १९६४ साली ब्रिटिश टेलिव्हिजनसाठी सात वर्षांच्या १४ मुलांवर एक कार्यक्रम झाला. त्यासाठी मुलं शोधून काढणाऱ्यांत विशीतला ॲप्टेड होता. पुढे दर सात वर्षांनी तो त्याच मुलांकडे जात राहिला. मध्ये मोठमोठे कथापट केले, एक जेम्स बाँडपटसुद्धा, पण सात वर्षं झाली की पुन्हा याच दारांवर. शेवटचा भाग २०१९ साली आला, मुलं ६३ वर्षांची झाली होती. ॲप्टेड २०२१च्या जानेवारीत गेला. १४ मुलांत चारच मुली निवडल्या ही चूक त्याला आयुष्यभर सलत राहिली, आणि ती दुरुस्त करता येण्यासारखी नव्हती. सात वर्षांच्या मुली मागाहून कुठून आणणार? त्यातला एक मुलगा पुढे गुन्हेगारीत जाणार अशी ॲप्टेडची खात्री होती. म्हणून तो २१ वर्षांचा असताना त्याला त्या त्या वस्त्यांतून फिरवून ॲप्टेडने चित्रीकरण करून ठेवलं, पुढच्या भागाला उपयोगी पडेल म्हणून. तो मुलगा टॅक्सी चालवायला लागला, संसार केला. ॲप्टेडचा अंदाज सपशेल चुकला, आणि चुकला हे कळलं ते तो परत गेला म्हणून. एकदाच जाऊन आला असता तर त्याच्या लेखी तो मुलगा कायमचा गुन्हेगारच राहिला असता.

आमच्यापैकी बहुतेकांचं हेच होतं. आपण एकदा जातो. माणसं आपल्या एडिटच्या टाइमलाइनवर त्या वयाची, त्या कपड्यांतली, त्या खुर्चीत बसून राहतात. मी २२ वर्षांत किती घरांमध्ये फ्रिज बंद करायला लावले ते मोजलेलं नाही. हार्ड डिस्कवर 'रूम टोन' नावाचं एक फोल्डर आहे. कापाकापीला लागतं म्हणून सगळ्या चित्रपटांची ती अर्धी-अर्धी मिनिटं मी एकत्र ठेवली आहेत. फाइलींना नुसती तारीख आणि खोली: बैठक, स्वयंपाकघर, कार्यशाळा, वॉर्ड. कधी चुकून एखादी सुरू झाली तर कोणाचं घर ते मला बऱ्याचदा न बघता ओळखता येतं.

काकूंची फाइल अशीच लागली, अकरा वर्षांनी. दुसऱ्याच एका चित्रपटाचं भोक बुजवायला काहीतरी शोधत होते. तीस सेकंदं ऐकली. बाराव्या सेकंदाला कापडाची बारीक सळसळ आहे, तो त्यांचा हात वर जातानाचा पदर. इतक्या वेळा तो शॉट पाहिला होता, पण चित्रपटात त्यावर संगीत होतं. ही सळसळ संगीताखाली मीच गाडून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी फोन केला. आवाज तोच, जरा बारीक झालेला. येऊ का म्हटलं तर म्हणाल्या, ये. 'तुम्ही' कधी गळून पडलं कोणास ठाऊक.

गेले तेव्हा त्या तयार होऊन बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, विंचरलेले केस, खुर्ची खिडकीच्या उजेडाकडे वळवलेली. मागच्या वेळी आमच्या कॅमेरामनने वळवली होती तशीच. कोपऱ्यात फ्रिज नवा होता, पहिल्यापेक्षा मोठा. मी आत येऊन बसले तेवढ्यात त्या उठल्या आणि त्याच्या बटणापाशी गेल्या.

"बंद करू ना? की माणसं यायचीत अजून?"

"माणसं नाहीत काकू. कॅमेरा आणलाच नाही."

हात बटणावर तसाच राहिला. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग कशाला आलीस?"

फ्रिज चालूच होता. मी तोंड उघडलं, श्वास घेतला आणि तसाच सोडला. काकू खुर्चीत येऊन बसल्या आणि मान थोडी तिरकी करून, कान माझ्याकडे देऊन वाट बघायला लागल्या.